रकानाच नव्हता

1954 साली भारत सरकारने पहिल्यांदा चित्रपटांना पुरस्कार दिले. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने पटकावलं. ही गोष्ट आपण मराठी माणसं सत्तर वर्षं अभिमानाने सांगत आलो आहोत, आणि सांगावीच. पण त्या आईला काय मिळालं, हे सहसा कुणी विचारत नाही. वनमालाबाई त्याआधी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये झळकलेल्या, हिंदी पडद्यावरच्या देखण्या नायिका. त्यांनी कोकणातली गरिबीने गांजलेली, करारी आणि तितकीच हळवी आई उभी केली. आजही साने गुरुजींचं पुस्तक वाचताना अनेकांच्या डोळ्यांपुढे त्यांचाच चेहरा येतो. सरकारदरबारी मात्र त्यांच्या अभिनयाची कसलीही नोंद झाली नाही. कारण साधं होतं. अभिनयासाठी पुरस्कारच नव्हता. तो आला 1967 सालच्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी ठरले ‘अँटनी फिरिंगी’ आणि ‘चिडियाखाना’साठी उत्तमकुमार, आणि ‘रात और दिन’साठी नर्गिस.

पुरस्कार न मिळालेल्या नटांची यादी काढली की आपल्याकडे लगेच ‘अन्याय’ हा शब्द येतो. अमक्याला डावललं, तमक्याची लॉबी नव्हती, परीक्षकांना अक्कल नव्हती. यातलं काहीच खरं नसतं असं नाही. चित्रपटसृष्टी ही काही साधुसंतांची वस्ती नव्हे. तरी अशा याद्या जरा बारकाईने पाहिल्या तर परीक्षकांचा दोष वाटतो त्याहून कमी निघतो. फॉर्मवर जो रकानाच छापलेला नाही, तो परीक्षक कसा भरणार? कुठल्या भाषेत, कुठल्या साली, नायक म्हणून की नायकाच्या समोरचा म्हणून, हसवलं की रडवलं, यांवर नटाचं नशीब ठरतं. अभिनयाची प्रत त्यानंतर विचारात येते. माझं म्हणणं एवढंच आहे की जाब विचारायचा तर तो या रकान्यांना विचारावा.

फिल्मफेअरचं पहिलं वर्ष घ्या. तेही 1954. पुरस्कार होते पाचच: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि संगीत. ‘दो बिघा ज़मीन’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, बिमल रॉय सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. अभिनेत्याचा पुरस्कार ‘दाग’साठी दिलीपकुमारना गेला. बलराज साहनींनी ‘दो बिघा ज़मीन’साठी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर हातरिक्षा ओढली होती. ज्या चित्रपटाचा सगळा भार त्या एका माणसाच्या खांद्यावर आहे, तो सर्वोत्कृष्ट. आणि खांदा देणाऱ्याला काही नाही. जास्त पैशांचं आमिष दाखवून गिऱ्हाईक शंभूला रिक्षा पळवायला लावतं तो प्रसंग आठवा. साहनींच्या चेहऱ्यावर थकवा आहे, हाव आहे, आणि माणसाचा घोडा झाल्याची लाजही आहे. तिन्ही एकदम. पुढे आयुष्यभरात त्यांना अभिनयाचं फिल्मफेअर मिळालं नाही. पद्मश्री मिळाली. अखेरच्या ‘गर्म हवा’तला सलीम मिर्झा पडद्यावर येण्याआधीच, एप्रिल 1973 मध्ये, ते गेले.

त्या 1973 सालचा अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार पी. जे. अँटनी यांना ‘निर्माल्यम्’ या मल्याळी चित्रपटासाठी मिळाला. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना हा निर्णय चुकला असं म्हणता येणार नाही. एका वर्षात, एका देशात, दोन थोर कामं झाली आणि पदक एकच होतं. याला अन्याय म्हणायचं तर तो अंकगणिताने केला.

आता आपल्या माणसाकडे येतो. निळू फुले.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा माणूस ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातून लोकांपुढे आला. 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’तून पडद्यावर आला, आणि तिथून पुढे चाळीस वर्षं मराठी चित्रपटातल्या सत्तेचा चेहरा झाला. पाटील, सरपंच, सावकार, साखरसम्राट, आमदार. गावोगावच्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, असं सर्रास सांगितलं जातं. आणि प्रत्यक्षातला माणूस पुरोगामी चळवळीतला, सभ्य, वाचणारा. राज्य शासनाचे पुरस्कार मिळाले, 1991 साली संगीत नाटक अकादमीनेही गौरवलं. अभिनयाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मात्र कधीच मिळाला नाही.

का मिळाला नाही, हे समजून घ्यायला ‘सामना’ पुन्हा पाहावा. जब्बार पटेल दिग्दर्शक, विजय तेंडुलकर लेखक, रामदास फुटाणे निर्माते. 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील या साखरसम्राटाच्या राज्यात एक दारुडा, फाटका, एकेकाळचा गांधीवादी मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला वाड्यावर आणतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तर पुन्हा पुन्हा एकच विचारत राहतो, की मारुती कांबळेचं पुढे झालं काय.

या प्रश्नाला फुल्यांचा हिंदुराव दर वेळी वेगळा सामोरा जातो. तेच या कामाचं मर्म आहे. सुरुवातीला तो प्रश्न त्याच्या कानावरून जातो, म्हाताऱ्याची बडबड म्हणून. मग नजर किंचित थांबते. पुढे हसू येतं, पण ते ओठांपुरतं. आवाज चढत नाही. उलट धोका वाढेल तसा तो खाली उतरतो. ग्रामीण खलनायक म्हणजे डोळे वटारणं आणि मिशीला पीळ देणं, असं समजणाऱ्यांनी इथे फुल्यांचे हात पाहावेत. ज्याचा शब्द खाली पडत नाही त्या माणसाला हात हलवायची गरज नसते, हे या नटाला पुरतं कळलेलं होतं. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे हिंदुरावला मास्तर आवडतो. खरोखर आवडतो. आपला घात करू शकेल असा हा एकच माणूस आपल्याशी खरं बोलतो, हे त्या सत्ताधाऱ्याला आतून ठाऊक आहे. ही माया फुले कुठे बोलून दाखवत नाहीत, पण ती नसती तर ‘सामना’ हा भ्रष्टाचारावरचा आणखी एक चित्रपट झाला असता.

हे सगळं घडू शकतं ते समोर श्रीराम लागू आहेत म्हणून. मास्तरचं तोल जाणं, मध्येच शुद्धीवर येणं, लाचारी आणि तिच्याखालची न विझलेली धग ही डॉ. लागूंची कमाई. फुले स्थिर राहतात म्हणून लागूंना हेलपाटता येतं, आणि लागू हेलपाटतात म्हणून फुल्यांची स्थिरता भयानक वाटते. आता यातला नायक कोण? पुरस्काराच्या फॉर्मवर एकच नाव लिहायचं असेल तर कुणाचं लिहाल? ‘सामना’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नटांना काही नाही.

त्या काळी प्रौढ नटांसाठी अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार होते दोन. एक अभिनेता, एक अभिनेत्री. सगळ्या देशासाठी, सगळ्या भाषांसाठी. सहायक अभिनयाचे पुरस्कार सुरू झाले 1984 सालच्या चित्रपटांपासून. निळू फुल्यांचा पडद्यावरचा ऐन बहराचा काळ 1968 ते 1984 असा धरला, तर तो जवळजवळ सगळाच्या सगळा या रिकाम्या जागेत पडतो. ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस आठवा. त्या चित्रपटात अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आहे, लागूंचा अर्थमंत्री आहे, मंत्रालयाचे जिने चढणारी-उतरणारी माणसं आहेत. आणि हे सगळं बघणारा, शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा दिगू आहे. नायक नाही, खलनायक नाही, धड सहायकही नाही. साक्षीदार म्हणावा असा. साक्षीदाराला पुरस्कार द्यायची पद्धत अजून कुठल्याच देशात नाही.

मजा पाहा. 1984 साली सहायक अभिनेत्रीचा रकाना उघडला, त्यात पहिलंच नाव मराठी निघालं. महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून गोविंद निहलानींनी केलेल्या ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी. त्यापूर्वी ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला होता, तोही सहायक अभिनेत्रीचाच. अगदी मागे जायचं तर फिल्मफेअरने सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिल्या मानकरी होत्या उषा किरण, ‘बादबान’साठी. 1992 साली त्याच फिल्मफेअरने खलनायकी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार काढला, तो पहिल्याच वर्षी ‘सडक’मधल्या महाराणीसाठी सदाशिव अमरापूरकरांकडे गेला. म्हणजे काम आधीपासून होतंच. नाव लिहायला जागा मिळाल्याबरोबर ते दिसलं. पुढे 2007 नंतर फिल्मफेअरने खलनायकाचा आणि विनोदी भूमिकेचा असे दोन्ही पुरस्कार बंद करून टाकले. का, ते त्यांनाच माहीत. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी त्या वर्षी सामुदायिक राजीनामा दिला नव्हता.

कधी रकाना सोडा, अख्खा फॉर्मच गायब असतो. फिल्मफेअरचे पुरस्कार 1986 आणि 1987 सालच्या चित्रपटांसाठी झालेच नाहीत. ‘मिस्टर इंडिया’ 1987 चा. अमरीश पुरींचा मोगॅम्बो आणि श्रीदेवीची पत्रकार ही दोन्ही कामं त्या खड्ड्यात गेली. श्रीदेवीला 2013 साली ‘नगिना’ आणि ‘मिस्टर इंडिया’साठी विशेष पुरस्कार देऊन भरपाई केली गेली. अमरीश पुरी तोवर हयात नव्हते.

भाषेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि इथे आपण मराठी लोक जरा स्वतःची समजूत घालत आलो आहोत. आकडा बोलका आहे. अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार 1967 साली सुरू झाला. मराठी चित्रपटातल्या भूमिकेसाठी तो पहिल्यांदा मिळाला 2008 साली, ‘जोगवा’साठी उपेंद्र लिमयेंना. एक्केचाळीस वर्षं. अभिनेत्रींच्या बाबतीत 2010 उजाडावं लागलं, ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप-वराडकर. यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं की दिल्लीला मराठी दिसत नाही. पण याच काळात ‘चोमन दुडी’साठी कन्नडमधले वासुदेव राव, ‘कोडियेट्टम्’साठी मल्याळममधले गोपी, ‘तबरन कथे’साठी चारुहासन यांना दिल्लीने बरोबर शोधून काढलं. यातला एकही सुपरस्टार नव्हता. मग मराठीच कशी दिसली नाही?

मला वाटतं, याचं उत्तर शिवाजी मंदिरात आणि बालगंधर्वला सापडेल. त्या तीस-चाळीस वर्षांतला आपला उत्तम अभिनय रंगमंचावर खर्च होत होता. लागूंचा ‘नटसम्राट’ 1970 सालचा, गोवा हिंदू असोसिएशनचा. निळू फुल्यांचा ‘सखाराम बाइंडर’ 1972 चा, कमलाकर सारंगांच्या दिग्दर्शनातला, समोर लालन सारंग. या कामांच्या तोडीच्या भूमिका मराठी पडद्याने या नटांना किती दिल्या? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी तमाशापट, कौटुंबिक रडारड आणि दादा कोंडके. कोंडक्यांना मी कमी लेखत नाही. गर्दीची नस ओळखण्यात त्यांच्या जवळपास कुणी नव्हतं. पण केरळात आणि कर्नाटकात त्या काळी साहित्यिक, नाटकवाले आणि फिल्म सोसायट्या मिळून जो सिनेमा उभा राहत होता, तसा आपल्याकडे अपवादानेच झाला. दिल्लीला बोल लावण्याआधी हे मान्य करावं लागतं. 2008 नंतर मात्र चित्र पालटलं. 2011 ला ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी, 2012 ला ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, त्याच वर्षी ‘धग’साठी उषा जाधव. नट एकाएकी चांगले झाले नव्हते. त्यांना चित्रपट मिळू लागले होते.

अपवादांपैकी ‘उंबरठा’ 1982 चा. सुलभा महाजन ही स्मिता पाटीलच्या उत्तम भूमिकांपैकी एक, काहींच्या मते सर्वोत्तम. त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कार ‘अर्थ’साठी शबाना आझमींना गेला आणि त्याबद्दलही वाद घालण्यात अर्थ नाही. स्मिताला तो दोनदा मिळाला होता, दोन्ही वेळा हिंदी चित्रपटांसाठी. त्यातला एक ‘भूमिका’. हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावरून घेतलेला. हंसाबाई म्हणजे ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि पुण्यात दोन वर्षांहून जास्त चाललेला ‘सांगत्ये ऐका’ गाजवणारी नटी. त्यांच्या उमेदीच्या काळात असा पुरस्कार अस्तित्वात नव्हता. 1971 साली त्या गेल्या. सहा वर्षांनी त्यांचं आयुष्य पडद्यावर जगून दाखवणाऱ्या नटीला देशातला सर्वोच्च अभिनय पुरस्कार मिळाला. यात कुणाचाही दोष नाही.

विनोदाचं काय करायचं, हे मात्र जगात कुणालाच कळलेलं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 सालचा. साड्या नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे सगळ्यांना आठवतात, आणि आठवणारच. पण पुढच्या वेळी फक्त अशोक सराफांच्या धनंजय मानेवर नजर ठेवून तो चित्रपट पाहा. बेर्डे पार्वती होऊन धुमाकूळ घालत असताना माने एका हाताने संसाराचं नाटक सावरतोय, दुसऱ्या हाताने आपल्या साहेबीणबाईंपुढे सभ्य दिसतोय, आणि या दोन खोट्यांची टक्कर होऊ नये म्हणून सतत अर्धं पाऊल मागे-पुढे करतोय. वाक्य पडण्याआधी तो किंचित थांबतो. त्या थांबण्यात माणूस खोटं जुळवताना दिसतो, आणि हशा तिथून सुरू होतो. हे करणाऱ्या नटाला 2023 चा महाराष्ट्र भूषण मिळाला, 2025 साली पद्मश्री मिळाली. योग्यच झालं. पण हे आयुष्याचे सन्मान झाले. अमुक एका चित्रपटातलं अमुक काम देशात अव्वल होतं, असं कुणी अधिकृतपणे म्हटलं नाही. बेर्डे तर 2004 सालीच गेले. भगवानदादांचं उदाहरण त्याहून जुनं. ‘अलबेला’तल्या त्यांच्या नाचाच्या ढबीवर पुढे कित्येक नायकांनी टाळ्या घेतल्या, नाचता नाचता केलेल्या त्या अभिनयाला काय म्हणायचं हेच कुणी ठरवलं नाही. रडवणं हा अभिनय आणि हसवणं हा स्वभाव, असा आपला पक्का समज आहे. धर्मेंद्रनी ‘चुपके चुपके’त जे केलं ते सोपं होतं असं ज्याला वाटतं त्याने आरशासमोर करून पाहावं. त्यांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर कधी मिळालं नाही. 1997 ला थेट जीवनगौरव.

जीवनगौरव हा प्रकारच मला थोडा संशयास्पद वाटतो. तो बहुधा संस्थेने स्वतःला घातलेला प्रायश्चित्ताचा विधी असतो. पीटर ओटूल यांना ऑस्करची आठ नामांकनं मिळाली आणि एकदाही पुरस्कार नाही. 2003 साली अकादमीने मानद ऑस्कर देऊ केला, तेव्हा आपण अजून मैदानात आहोत, ऐंशीचे होईपर्यंत थांबा, असं त्यांनी आधी कळवलं होतं. शेवटी घेतला. त्यानंतर ‘व्हीनस’साठी आठवं नामांकन मिळालं आणि तेही हुकलं. डोनाल्ड सदरलंड यांना तर उभ्या कारकिर्दीत एकही नामांकन नाही. 2017 साली मानद पुतळा. सौमित्र चॅटर्जींनी यावर खणखणीत भूमिका घेतली. सत्यजित रायांच्या चौदा चित्रपटांत काम केलेल्या या नटाला 2001 साली ‘देखा’साठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नाकारला. ‘अपूर संसार’ आणि ‘चारुलता’ झाले तेव्हा रकाना नव्हता, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच. पण रकाना आल्यावरही इतकी वर्षं तो आपल्यासाठी उघडला नाही, हेही त्यांना दिसत होतं. 2006 च्या ‘पदक्षेप’साठी अखेर अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

आणि हो, काही वेळा परीक्षक चुकतातही. रकाना होता, चित्रपट स्पर्धेत होता, नट समोर होता, तरी चुकले. 2004 सालच्या चित्रपटांत ‘स्वदेस’ होता. पुरस्कार ‘हम तुम’साठी सैफ अली खानला गेला. शाहरुख खानला राष्ट्रीय पुरस्कार मिळायला 2025 साल उजाडलं, आणि तोही ‘जवान’साठी. ‘स्वदेस’मधला त्याचा मोहन भार्गव पाण्याचा कुल्हड हातात घेतो तो आगगाडीतला प्रसंग एका बाजूला आणि ‘जवान’ दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. मला जास्त काही सांगावं लागणार नाही.

पण मूळ मुद्दा मला सगळ्यात स्पष्ट दिसतो तो ‘कोर्ट’मध्ये. चैतन्य ताम्हाणेंच्या या चित्रपटाला 2014 चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहेत. न्यायालयात त्या कलमांचे लांबलचक उतारे वाचून दाखवतात. सपाट, घाईत, एखादा शब्द गिळत, जसं रोज वाचणारं माणूस वाचतं तसं. या वाचण्यावर एका माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून आहे याची जाणीव आवाजात कुठेही नाही. मग कोर्ट सुटतं. लोकलमध्ये मैत्रिणीशी साडीवरून गप्पा, पाळणाघरातून मुलाला आणणं, घरी स्वयंपाक. रविवारी सहकुटुंब नाटक. तिथे परप्रांतीयांना हाकलण्यावर टाळ्या पडतात आणि हीही हसते. क्षणभरही गीतांजली कुलकर्णी आपल्याला या बाईचा राग करायला सांगत नाहीत, की कीव करायलाही. ही बाई वाईट नाही. चांगली गृहिणी आहे, कामसू आहे, आणि म्हणूनच भीती वाटते. यात रडण्याचा प्रसंग नाही, आरडाओरडा नाही, वजन कमी केलेलं नाही. परीक्षकांपुढे क्लिप लावायची तर कुठली लावणार? आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार तर पेशाने नट नव्हते. नागपुरातले कार्यकर्ते आणि संपादक होते. 2021 साली करोनाने ते गेले.

मराठी चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान आजवर पाचदा मिळाला आहे: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. ‘देऊळ’ला तो विभागून होता. या पाचांपैकी त्याच ‘देऊळ’च्या गिरीश कुलकर्णींचा अपवाद सोडला, तर एकाही प्रौढ नटाला त्या कामासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला नाही. ‘श्वास’मधल्या नातवाला, अश्विन चितळेला, बालकलाकाराचा मिळाला, कारण तो रकाना होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातवाला डोळे भरून जग दाखवायला निघालेल्या आजोबांना, अरुण नलावडेंना, नाही. ‘कासव’मध्ये मोजकंच बोलणारा आलोक राजवाडेचा मुलगा आणि त्याला न विचारता जपणारी इरावती हर्षेंची जानकी, त्यांनाही नाही. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जो चित्रपट सगळ्यांनी मिळून उभा राहतो त्यातला एकेक नट वेगळा उचलून दाखवता येत नाही. आणि आपले पुरस्कार एकेकालाच उचलून दाखवतात.

दुसऱ्या टोकाला आजचा वाहिन्यांचा सोहळा आहे. तिथे रकाने इतके की नट कमी पडतात. लक्षवेधी चेहरा, लोकप्रिय जोडी, स्टाइल आयकॉन, अमुक तेलाची तेजस्वी तारका. हा उपाय नव्हे, हे सांगायला नको. तिथे आयोजकांना कार्यक्रमाला माणसं हवी असतात आणि माणसांना बाहुली दिल्याशिवाय ती येत नाहीत.

उपाय अवघड नाही आणि नवाही नाही. 2006 साली कान महोत्सवाच्या परीक्षकांनी अभिनेत्रीचा पुरस्कार ‘व्होल्व्हर’मधल्या सहा जणींना मिळून दिला आणि अभिनेत्याचा ‘अँदिजेन’मधल्या पाच जणांना मिळून. कुणी कुणापेक्षा सरस, हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. आभाळ कोसळलं नाही. हॉलिवूडच्या नटांची संघटनाही संपूर्ण नटसंचाला वेगळा पुरस्कार देते. ऑस्करने तर नटांची निवड करणाऱ्या कास्टिंग दिग्दर्शकांसाठी 2025 सालच्या चित्रपटांपासून नवा रकाना उघडला; शंभर वर्षं होत आली तरी त्यांना तो उघडावासा वाटला, हे चांगलंच आहे. आपल्याकडे परीक्षकांना अडचण आली की ते ‘विशेष उल्लेख’ करतात, जसा ‘सैराट’च्या रिंकू राजगुरूचा केला. विशेष उल्लेखाला पदक नसतं, प्रमाणपत्र असतं.

राष्ट्रीय पुरस्कारांची नियमावली काही दगडावरची रेघ नाही. विभागांची नावं, रकमा, संख्या यांत वेळोवेळी बदल झालेले आहेत, पुढेही होतील. त्या बदलांत एक विभाग संपूर्ण नटसंचासाठी असावा, आणि राज्य शासनाने दिल्लीची वाट न पाहता तो आपल्या पुरस्कारांत आधी सुरू करावा. मराठी चित्रपट महामंडळाने, नाट्यपरिषदेने आणि नटांनी स्वतः ही मागणी लेखी करावी. आजच्या घडीला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत असा विभाग नाही.